देशाकडे पैसा असला की भूकंपात माणसं कमी मरतात का?

17 जानेवारी 1994, पहाटेचे साडेचार. लॉस एंजेलिस शहराच्या नॉर्थरिज भागाखाली 6.7 मॅग्निट्यूडचा भूकंप झाला. 26 डिसेंबर 2003 रोजी पहाटे साडेपाचच्या सुमारास इराणमधल्या बाम शहराला 6.6च्या भूकंपाने हादरवलं. ताकद जवळपास सारखी, दोन्हीकडे भूकंपाचं केंद्र वस्तीला अगदी लागून आणि दोन्हीकडे लोक झोपेत. नॉर्थरिजच्या भूकंपात सुमारे 60 माणसं गेली, बाममध्ये सुमारे 26,000. लॉस एंजेलिसची लोकसंख्या बामच्या कितीतरी पट होती हे लक्षात घेतलं, की ही तफावत आणखीच अंगावर येते.

मोठा भूकंप झाला की बातमीत सगळ्यात आधी मॅग्निट्यूडचा आकडा येतो. जमिनीखाली किती ऊर्जा मोकळी झाली, एवढंच तो सांगतो. आकडा एकाने वाढला की ऊर्जा सुमारे 32 पट होते. (बातम्यांत अजून 'रिश्टर स्केल' म्हणतात. मोठ्या भूकंपांसाठी शास्त्रज्ञ आता वेगळी पद्धत वापरतात, पण आपल्यापुरता अर्थ तोच.) या आकड्यावरून मृतांचा अंदाज बांधायला गेलं तर हमखास फसायला होतं. जपान, चिली, न्यूझीलंड, कॅलिफोर्निया हे सगळे सधन भाग भूकंपाच्या पट्ट्यातच आहेत, म्हणजे श्रीमंतांच्या वाट्याला भूकंप कमी येतात असं मुळीच नाही. फरक पडतो तो धक्का बसल्यावर काय होतं यात. पैशामुळे तो पडतो हे खरं आहे, पण ते अर्धंच.

## छत का कोसळतं

भूकंपात बहुतेक माणसं इमारतीखाली चिरडून मरतात. त्सुनामी आणि दरडी हे याला मोठे अपवाद. 2011 साली जपानमध्ये मृतांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक लोक बुडून गेले. पण बामसारख्या ठिकाणी सगळा खेळ भिंतींचा आणि छताचा असतो. तिथली बरीच घरं कच्च्या मातीच्या विटांची होती, वर मातीचंच जड छत. अशी भिंत वरचं वजन वर्षानुवर्षं पेलते, पण आडवा धक्का बसला की तिचा चुरा होतो. ढिगारा मातीचा असल्याने त्यात श्वास घ्यायला पोकळीसुद्धा उरत नाही.

काँक्रीटचं घर म्हणजे सुरक्षित घर, असंही समजू नका. कॉलममध्ये उभ्या सळया असतात आणि त्या ठरावीक अंतरावर आडव्या रिंगांनी बांधलेल्या असतात. मोळीला दोरी जशी, तशा या रिंगा. दोरी सुटली की मोळी विस्कटते. म्हणून रिंगेची दोन्ही टोकं 135 अंशांत वळवून कॉलमच्या गाभ्यात शिरवायची असतात. घाईत ती 90 अंशांतच वळवली, तर जोराच्या हादऱ्यात वरचं काँक्रीट निखळतं, टोकं उघडतात, उभ्या सळया बाहेर वाकतात आणि कॉलम जागच्या जागी दबतो. मग मजले एकावर एक बसत जातात.

टोक आणखी थोडं वळवायला किती लोखंड जास्त लागतं? अगदी किरकोळ. नवी इमारत भूकंपाला टिकेल अशी बांधण्याचा जादा खर्च सहसा एकूण खर्चाच्या काही टक्क्यांतच बसतो. उभ्या इमारतीला मागाहून बळकटी देणं मात्र बरंच महाग पडतं. पण मूळ खर्च इतका कमी असेल, तर मग यात देशाच्या श्रीमंतीचा संबंध येतो कुठे?

## पैसा रिंगेपर्यंत कसा पोचतो

काँक्रीट ओतलं की रिंग दिसत नाही. ती कशी वळवली आहे हे बघायला मधले काही तासच मिळतात. त्या वेळेत तिथे कुणीतरी जायला हवं, त्याला रिंग कळायला हवी, चूक दिसली तर काम थांबवायचा अधिकार हवा आणि थांबवल्यावर त्याची नोकरी शाबूत राहायला हवी. त्याआधी हिशेबाने नकाशा काढणारा इंजिनिअर हवा, सळई वाकवणारा शिकलेला कारागीर हवा, काँक्रीटचे नमुने तपासणारी प्रयोगशाळा हवी. या सगळ्यांना दर महिन्याला पगार लागतो, भूकंप होवो न होवो. लोखंड स्वस्त आहे, ही यंत्रणा वर्षानुवर्षं चालवणं महाग आहे. देशाची श्रीमंती प्रामुख्याने इथे उपयोगी पडते.

इमारत किती हादरा सोसेल अशी बांधायची, याच्या कायदेशीर नियमांना बांधकाम संहिता म्हणतात. हैतीमध्ये 2010 साली अंमलात असलेली राष्ट्रीय संहिताच नव्हती. राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्समध्ये लोकांनी पैसे जमतील तशी घरं वाढवत नेली होती, परवाना आणि इंजिनिअर दोन्हींशिवाय. कमी सिमेंटचे पोकळ ब्लॉक, काँक्रीटवर पकड न घेणाऱ्या गुळगुळीत सळया आणि वर काँक्रीटचा जड स्लॅब. स्लॅब जड का? कारण चक्रीवादळं. हलकं छत वादळात उडून जातं, आणि वादळं तिथे दर काही वर्षांनी येतात. त्या शहराला उद्ध्वस्त करणारा आधीचा भूकंप 1770 सालचा. हातात थोडाच पैसा असलेला माणूस आणि थोडाच पैसा असलेलं सरकार दोघंही समोर दिसणाऱ्या संकटाची तयारी करतात. यात बेफिकिरी शोधणं मला अन्यायाचं वाटतं.

12 जानेवारी 2010 रोजी तिथे 7.0चा भूकंप झाला. मृतांचे अंदाज एक लाखापासून सरकारने सांगितलेल्या 3 लाख 16 हजारांपर्यंत जातात. माणसांची नोंद ठेवणारी व्यवस्थाच दुबळी असल्याने गेलेल्यांची मोजदादही झाली नाही. गरिबीचा हा परिणाम कुठल्याच नुकसानीच्या तक्त्यात दिसत नाही.

सहा आठवड्यांनी, 27 फेब्रुवारीला, चिलीत 8.8चा भूकंप झाला. हैतीच्या सुमारे 500 पट ऊर्जा. मृत्यू सुमारे 525. याच चिलीत 1939 साली चियान शहराच्या भूकंपात जवळपास 28,000 माणसं गेली होती. त्या काळापासून तिथल्या संहिता दर मोठ्या भूकंपानंतर कडक होत गेल्या. शिवाय इमारतीच्या सांगाड्यात दोष निघाला तर ती बांधून विकणारा दहा वर्षं जबाबदार, असा कायदा तिथे आहे. रिंगेकडे बघायला तपासनीस आला नाही, तरी बांधणाऱ्याला स्वतःच बघावंसं वाटेल, अशी ती तजवीज आहे.

## 'पण चिलीचा भूकंप हैतीसारखा नव्हताच'

हा आक्षेप रास्त आहे. चिलीतला भूकंप किनाऱ्यालगत आणि तुलनेने खोल झाला. हैतीतला जेमतेम 13 किलोमीटर खोल आणि दाटीवाटीच्या राजधानीपासून साधारण 25 किलोमीटरवर. 'पाचशे पट' हा आकडा एकटाच सांगितला तर दिशाभूल होते.

म्हणून न्यूझीलंडकडे बघू. 22 फेब्रुवारी 2011 रोजी भर दुपारी क्राइस्टचर्च शहराला लागूनच, अगदी उथळ, 6.2चा भूकंप झाला. माणसं कामावर, रस्ते गजबजलेले. 185 माणसं गेली. त्यातली 115 एकट्या सीटीव्ही इमारतीत होती, आणि त्या इमारतीच्या रचनेतच दोष होते हे पुढे चौकशीत स्पष्ट झालं. यातून दोन गोष्टी कळतात. शहराजवळच्या उथळ भूकंपातही बळींचा आकडा शेकड्यांत राहू शकतो. आणि श्रीमंत देशातही एका सदोष इमारतीमुळे निम्म्याहून अधिक मृत्यू ओढवू शकतात.

अर्थशास्त्रज्ञांनी अनेक देशांचे अनेक भूकंप एकत्र घेऊन, त्यांचा आकार आणि आसपासची लोकसंख्या हिशेबात धरून तुलना केली आहे. तरीही दरडोई उत्पन्न जास्त तिथे मृत्यू कमी, हे नातं उरतंच. त्याचबरोबर देशातली विषमता जास्त असेल तर मृत्यूही वाढतात, असंही दिसतं. 1976च्या ग्वाटेमालातल्या भूकंपात सुमारे 23,000 लोक गेले, ते मुख्यतः मातीच्या घरांत राहणारे गरीब. पक्क्या घरांतल्या सधन लोकांना त्याच भूकंपाची झळ कमी लागली. देशाची सरासरी श्रीमंती कुणाच्या भिंतीत उतरली आहे, हे सरासरीवरून कळत नाही.

## मग 'सर्वाधिक नुकसान' श्रीमंत देशांचं कसं?

महागड्या आपत्तींच्या यादीत जपान आणि अमेरिका वरच्या क्रमांकांवर असतात, त्यामुळे वाचणारा गोंधळतो. 2011च्या भूकंप-त्सुनामीत जपानचं थेट नुकसान सरकारी अंदाजाने सुमारे 16.9 लाख कोटी येन. आकडा अवाढव्य आहे, पण तो जपानच्या जीडीपीच्या, म्हणजे देशात वर्षभरात निर्माण होणाऱ्या वस्तू-सेवांच्या एकूण किमतीच्या, तीन-चार टक्क्यांच्या आसपास येतो. हैतीचं नुकसान 7.8 अब्ज डॉलर मोजलं गेलं. जपानपुढे ते किरकोळ दिसतं, पण हैतीच्या आदल्या वर्षीच्या जीडीपीच्या ते सुमारे 120 टक्के होतं. 2015च्या नेपाळच्या भूकंपात हा वाटा एक तृतीयांशाच्या घरात होता.

ज्याचं घरच थोड्या पैशांचं, त्याचं सगळं घर गेलं तरी नुकसानीच्या बेरजेत भर थोडीच पडते. 'सर्वात महाग भूकंप' या यादीवरून कुठे जास्त माणसं उघड्यावर आली हे ठरवता येत नाही.

## पहिले दोन-तीन दिवस

टीव्हीवर परदेशी बचावपथकं, त्यांचे श्वान, त्यांची यंत्रं दिसतात. ते लोक जिवावर उदार होऊन काम करतात. पण ढिगाऱ्यातून जिवंत निघणारी बहुतेक माणसं पहिल्या काही तासांत शेजारीपाजारीच काढतात. 1995च्या कोबेच्या भूकंपात, जपानसारख्या देशातही, हेच झालं.

श्रीमंतीचा फायदा त्यानंतरच्या टप्प्यात होतो. बाहेर काढलेल्या माणसाला न्यायला रस्ता शाबूत आहे का, रुग्णालय उभं आहे का, तिथे वीज, पाणी, रक्त आहे का? हैतीत राष्ट्रपती भवन आणि बहुतेक मंत्रालयं कोसळली. संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेचं मुख्यालय कोसळून मोहिमेचे प्रमुखच गेले. बंदर मोडलं, विमानतळाला एकच धावपट्टी. मदत करायला जग तयार होतं, पण ती उतरवायला जागा नव्हती आणि वाटून द्यायला यंत्रणा उरली नव्हती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कॉलरा पसरला. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेच्या तळावरून तो आला होता. पुढच्या काही वर्षांत त्याने सुमारे 10,000 जीव घेतले. भूकंपाने मेले नाहीत ते स्वच्छ पाण्यावाचून मेले.

पैशाच्या जोडीला सत्ता आणि युद्धही मोजावं लागतं. फेब्रुवारी 2023 मध्ये तुर्कस्तान आणि सीरिया एकाच भूकंपात उद्ध्वस्त झाले. वायव्य सीरियात संयुक्त राष्ट्रांच्या मदतीसाठी सीमेवरचा एकच मार्ग मंजूर होता, आणि त्यांचा पहिला ताफा तिथून आत गेला तो चौथ्या दिवशी.

चिलीचंही सगळं बरोबर होतं असं नाही. 2010 साली तिथल्या नौदलाच्या संस्थेने त्सुनामीचा इशारा मागे घेतला आणि किनाऱ्यावरची माणसं लाटेत सापडली. त्यावरून देशभर संताप झाला, यंत्रणा बदलली. 2015 साली 8.3चा भूकंप झाला तेव्हा सुमारे दहा लाख लोकांना किनाऱ्यावरून हलवलं गेलं. मृत्यू 15. हाताशी पैसा असला की चूक दुरुस्त करता येते. दुरुस्त करायची इच्छा मात्र लोकांनी धरलेल्या आग्रहातून येते.

## पुढची दहा वर्षं

क्राइस्टचर्चमधल्या बहुतेक घरांना विमा होता, कारण न्यूझीलंडमध्ये 1945 सालापासून भूकंपासाठी सरकारी विम्याची व्यवस्था आहे. दाव्यांवरून लोकांना वर्षानुवर्षं झगडावं लागलं, पण झगडायला हातात काहीतरी होतं. खचलेल्या जमिनीवरची हजारो घरं सरकारने विकत घेतली.

हैतीकडेही एक विमा होता. कॅरिबियन देशांनी मिळून काढलेल्या निधीतून, भूकंपाची ताकद ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेली की आपोआप पैसे द्यायचे, अशी योजना. तिने दोन आठवड्यांच्या आत 77.5 लाख डॉलर दिले. योजना चांगली होती, वेळही पाळली. पण नुकसान 7.8 अब्ज डॉलर. म्हणजे भरपाई नुकसानीच्या सुमारे एक हजारांश. हप्ता जेवढा परवडला तेवढंच संरक्षण मिळालं.

श्रीमंत देश स्वस्त दराने कर्जही काढू शकतो. गरीब देशाला शाळेचा, दवाखान्याचा पैसा उचलून ढिगारे उपसायला लावावा लागतो, आणि त्या वर्षीची मुलं शाळेबाहेर राहतात.

## पैसा असून माणसं का मरतात

तुर्कस्तान गरीब देश नाही. तो जी-20चा सदस्य आहे. 1999च्या भूकंपात 17,000हून अधिक लोक गेल्यावर तिथे संहिता सुधारली, नवा कर बसला, घरांना सक्तीचा विमा आला. कागदावर सगळं होतं. तरी 2023 मध्ये एकट्या तुर्कस्तानात 50,000हून अधिक माणसं मेली. नव्या इमारतीही पडल्या. 2018 साली सरकारने योजना आणली होती: पैसे भरा आणि नियमबाह्य बांधकाम कायदेशीर करून घ्या. सरकारच्या तिजोरीत भर पडली, पण त्या पैशाने एकाही कॉलममधली रिंग बदलली नाही.

निकोलस अँब्रेसिस आणि रॉजर बिलहॅम या भूकंपतज्ज्ञांनी 2011 साली एक हिशेब मांडला. आधीच्या तीस वर्षांत इमारती कोसळून झालेल्या मृत्यूंपैकी 83 टक्के अशा देशांत झाले होते, जिथला भ्रष्टाचार त्यांच्या उत्पन्नाच्या मानाने अपेक्षेपेक्षा जास्त होता. या आकड्याने श्रीमंतीचा मुद्दा खोडला जात नाही, पण तो पुरता स्पष्ट होतो: तपासनीसाचा पगार देण्याइतका पैसा हवा आणि लाच देऊन त्याला परतवता येऊ नये. झपाट्याने वाढणाऱ्या मध्यम उत्पन्नाच्या देशांची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. तिथे उंच इमारती बांधण्याइतका पैसा आलेला असतो, त्या तपासणाऱ्या संस्था मात्र अजून रुजलेल्या नसतात.

दुसरी अडचण काळाची. इमारत पन्नास-साठ वर्षं उभी राहते, म्हणजे आजचा माणूस पन्नास वर्षांपूर्वीच्या देशात झोपतो. जपानने 1981 साली संहिता कडक केली. 1995 साली कोबेमध्ये 6,400हून अधिक लोक गेले, ते बहुतांशी जड कौलांच्या जुन्या लाकडी घरांत. 1981 नंतरच्या इमारती बऱ्याच चांगल्या टिकल्या. 1 जानेवारी 2024 रोजी जपानच्याच नोतो द्वीपकल्पात झालेल्या भूकंपातही जुनी घरं आणि त्यांत राहणारी वृद्ध माणसंच मोठ्या संख्येने बळी पडली. देश श्रीमंत झाला तरी म्हाताऱ्या आईवडिलांचं घर आपोआप नवं होत नाही.

## गरीब देशांनी श्रीमंत होईपर्यंत थांबायचं का?

10 मार्च 1933 रोजी संध्याकाळी कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचला भूकंप झाला. शाळा सुटलेल्या होत्या, म्हणून मुलं वाचली. शाळांच्या इमारती पडल्या. महिन्याभरात राज्याने शाळांच्या बांधकामावर सरकारी देखरेख बंधनकारक करणारा कायदा केला. तो काळ महामंदीचा होता. भूकंप झाला त्या आठवड्यात तर देशभरातल्या बँका सरकारी आदेशाने बंद होत्या. भरल्या तिजोरीची वाट त्यांनी पाहिली नाही. चिलीनेही संहितांची सुरुवात केली तेव्हा तो श्रीमंत नव्हता.

8 ऑक्टोबर 2005च्या सकाळी पाकव्याप्त काश्मीर आणि आसपासच्या भागात 7.6चा भूकंप झाला तेव्हा मात्र मुलं वर्गात होती. किमान 17,000 मुलं गेली, बरीचशी शाळांच्या इमारतींखाली. लाँग बीचच्या भूकंपाला तेव्हा सत्तर वर्षं उलटली होती. शाळेची भिंत कशी बांधायची हे जगाला ठाऊक होतं. ती मुलं न कळल्यामुळे मेली असं म्हणणं मला मान्य नाही.

थोड्या पैशात काय होतं, याचं उदाहरण नेपाळमध्ये आहे. तिथल्या एनसेट या संस्थेने 2015च्या आधी अनेक शाळांच्या जुन्या इमारतींना बळकटी दिली होती. 7.8च्या भूकंपात त्या शाळा उभ्या राहिल्या, तर इतर हजारो वर्ग कोसळले. भूकंप शनिवारी, सुट्टीच्या दिवशी झाला म्हणून तिथे मुलांची प्रेतं मोजावी लागली नाहीत.

घरांसाठीही स्वस्त पद्धती आहेत. चिली आणि पेरूत एक पद्धत फार वापरतात: आधी विटांची भिंत चढवायची, तिची कड दातेरी ठेवायची, आणि मग त्या दातांत मिसळेल असा कोपऱ्याचा कॉलम ओतायचा. भिंत आणि कॉलम एकमेकांना धरून हलतात. सामान तेच, क्रम वेगळा. शिकवावा लागतो तो गवंडी.

नेपाळने भूकंपानंतर घर बांधायला कुटुंबाला तीन लाख नेपाळी रुपये दिले, पण हप्त्यांनी. पहिला हप्ता करार झाल्यावर, दुसरा पाया तपासल्यावर, तिसरा भिंती चढल्यावर आणि त्यांना एकत्र बांधून ठेवणारे आडवे पट्टे तपासल्यावर. कागदपत्रांत नावं जुळेनात, डोंगरात इंजिनिअर वेळेवर पोचेनात, लोक वर्षानुवर्षं पत्र्याखाली राहिले. हे सगळं झालं. तरी त्या निमित्ताने हजारो गवंडी आडवा पट्टा टाकायला शिकले. बाहेरून येणाऱ्या मदतीचा मोठा भाग आजही भूकंप झाल्यावरच सुटतो. तोच पैसा अशा हप्त्यांनी, अशा तपासणीसकट, भूकंपाच्या आधी देता येणार नाही असं कुठलंही तांत्रिक कारण नाही. शाळा, रुग्णालयं आणि अग्निशमन केंद्रं यांपासून सुरुवात करायची, आणि काँक्रीट ओतायच्या दिवशी तिथे हजर राहणाऱ्या माणसाचा पगार त्याच खर्चात धरायचा.